एक ग्रामशाहीर आणि आमची टीकादृष्टी

टीकाकारापुढे परीक्षणार्थ जे येते ते बहुधा पुस्तकाच्या रूपाने येते. त्याला पुठ्ठा असतो, प्रस्तावना असते, किंमत असते, आणि मुखपृष्ठावर ग्रंथकर्त्याचे नाव असते. या चार गोष्टी ज्याला नाहीत ते वाङ्मय आहे की नाही, हा प्रश्न आमच्या मनात सहसा उठतच नाही. कारण तसले वाङ्मय आमच्या मेजापर्यंत येतच नाही. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी १ मार्च १९४७ रोजी जन्मलेले आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी दिवंगत झालेले लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांची रचना या न पोचलेल्या वाङ्मयापैकी आहे. सुमारे पन्नास वर्षे त्यांची गाणी आणि त्यांचे वग पश्चिम महाराष्ट्रातील फडांच्या रंगमंचावरून गाजत राहिले, आणि तितकीच वर्षे आमच्यासारखे वाङ्मयाचे अध्यापक त्या रंगमंचाच्या बाहेरच्या अंगाने आपल्या वाटेने जात राहिले. परीक्षणास आम्ही उशिरा बसलो आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचे आजोळ केंदूर. ज्ञानेश्वरकालीन संत कान्हुराज पाठक यांची समाधी याच गावी आहे, त्यामुळे टाळमृदंगाचा नाद या गावाला नवा नाही. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० नंतरच्या दोनचार वर्षांत, गावच्या जत्रेत दिवसा भजन आणि रात्री तमाशा असा क्रम असे. आणि सकाळी कीर्तनात मान डोलावणारी माणसेच रात्री कनातीत पुढची जागा धरून बसत. या दोहोंत विसंगती आहे असे त्यांस वाटत नसे. ती आम्हांस कॉलेजात गेल्यावर दिसू लागली. एका जत्रेत एक गाणे आम्हांस इतके आवडले की दुसऱ्या दिवशी ते आम्ही वाडाभर गात फिरलो. मामांना विचारले, "हे गाणे कोणी केले?" मामा हसून म्हणाले, "कोणी म्हणजे? ते फडाचं आहे!" आम्ही गप्प बसलो. विहीर गावाची, पार गावाचा, तसे गाणे फडाचे, हे उत्तर त्या वयात पुरेसे वाटले. ते गाणे मोमीन यांचेच होते असा आमचा दावा नाही. असा दावा करावयास पुरावाच मागे राहत नाही, हेच तर येथले खरे दुखणे आहे.

केंदुराहून पाबळ, कान्हूर, मलठण ही गावे ओलांडली की घोडनदीच्या अंगाला कवठे लागते. हा सारा मुलूख पावसाला पारखा. बाजरी आणि ज्वारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुजारा करीत आलेला. परंतु तमाशाच्या दृष्टीने त्याच्याइतका पिकाऊ मुलूख दुसरा नसेल. गुढीपाडव्याच्या सुमारास ज्या नारायणगावी फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास जमतात, ते नारायणगाव येथून लांब नाही. विठाबाई नारायणगावकरांचे नाव घेतल्यावाचून या कलेचा इतिहास सांगता येत नाही, तसेच गंगाराम कवठेकर यांच्यामुळे कवठे हे नाव तमाशाच्या जगात जाणते झाले. अशा गावी वाढलेल्या मुलाने लेखणी धरली ती मासिकाकडे पाहून नव्हे, तर फडाकडे पाहून, यात नवल काय? दत्ता महाडीक पुणेकर, काळू-बाळू कवलापूरकर, सुरेखा पुणेकर अशा नामांकित कलावंतांच्या मुखी त्यांची रचना गेली. 'भक्त कबीर', 'इष्काने घेतला बळी', 'तांबडं फुटलं रक्ताचं', 'भंगले स्वप्न महाराष्ट्रा' ही त्यांच्या नाट्यरचनेतील काही नावे होत.

आता या रचनेचे मोल कोणत्या मापाने करावयाचे? छापील नाटकाचे माप येथे उपयोगी पडणार नाही. 'मोहना बटाव' या १८६५ च्या सुमाराच्या वगापासून ही परंपरा मोजतात. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी हे आधी होऊन शेवटी वग उभा राहतो. जुन्या वगात कथानकाचा सांगाडा आणि पद्ये तेवढी ठरलेली असत. संवाद नट उभ्या उभ्या रचीत. पुढे संवादही लिहून घेण्याची पद्धत पडली, तरी सोंगाड्याची मोकळीक काही संपली नाही. राजाने हुकूम सोडला की तो हुकूम उलटा करून राजाच्याच गळ्यात अडकविणे हा सोंगाड्याचा हक्क. आणि तो हक्क तो ज्या गावी उभा असेल त्या गावचा सावकार, त्या गावचा सरपंच, त्या वर्षीचा दुष्काळ यांच्या आधारे बजावतो. म्हणजे केंदुरात जो वग झाला तोच दुसऱ्या रात्री पाबळात होतो असे म्हणता येत नाही.

अशा स्थितीत लेखकाचे कौशल्य कशात? आमच्या मते ते दुसऱ्यासाठी जागा ठेवण्यात आहे. मांडव घालणारा जसा वेलीची पाने स्वतः करीत नाही, पण दोन काठ्यांत किती अंतर असावे हे त्यालाच कळावे लागते, तसेच हे आहे. अंतर फार झाले तर वेल खाली लोंबतो, कमी झाले तर वाऱ्यावाचून कुजतो. वग लिहिणाऱ्याने प्रसंग इतका पक्का बांधावा की सोंगाडी कितीही भरकटला तरी कथा त्याला परत ओढून आणील. आणि इतका सैल ठेवावा की त्याला भरकटावेसे वाटेल. हे ज्याला साधत नाही त्याचा वग फड दुसऱ्या हंगामात टाकून देतो. तेथे मित्रांची अभिप्रायपत्रे चालत नाहीत. तिकीट काढून आलेला, दिवसभर शेतात राबलेला आणि कंटाळा येताच उघडपणे शीळ घालणारा प्रेक्षक हा या वाङ्मयाचा परीक्षक होय. इतका कठोर परीक्षक आमच्यापैकी किती कवींच्या वाट्यास आला असेल? त्या परीक्षकापुढे जो लेखक अर्धशतक टिकला, त्याला निदान आपल्या धंद्याचे मर्म कळले होते, एवढे मानणे भाग आहे.

मोमीन यांच्या भाषादृष्टीचे एकच उदाहरण देतो. 'सारं हायब्रीड झालं' हे त्यांच्या एका लोकप्रिय गाण्याचे नाव आहे. या एका शब्दाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. ज्वारीचे पहिले संकरित वाण १९६४ साली शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाले. कणीस भरगच्च आले, कोठार भरले. पण म्हातारी माणसे भाकरीला पूर्वीची चव नाही म्हणून कुरकुरू लागली. बियाण्याच्या पिशवीबरोबर आलेला हा इंग्रजी शब्द थोड्याच वर्षांत पिशवीबाहेर पडला आणि माणसांना, नात्यांना, नव्या पिढीच्या अंगकाठीला लागू झाला. दिसावयास मोठे, आत पोकळ, असा त्याचा अर्थ खेड्याने ठरविला. कोशकार तो अर्थ केव्हा नोंदवील तेव्हा नोंदवो. शाहिराने तो चावडीवर ऐकला आणि गाण्याच्या माथ्यावर बसविला. आम्ही वर्गात शब्दशक्तीचे तीन प्रकार शिकवितो, आणि लक्षणेची उदाहरणे संस्कृतातून उसनी आणतो. येथे शिरूर तालुक्यातील शेतात एक लक्षणा डोळ्यांदेखत उगवली होती, आणि ती टिपणारा कवीही हजर होता.

तरीही सगळीच रचना या तोलाची आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोमीन यांनी फडासाठी लिहिले तसे समाजसुधारणेसाठीही पुष्कळ लिहिले. दारूबंदी, हुंडाबंदी, साक्षरता, ग्रामस्वच्छता, एड्सविषयीची जागृती हे त्यांच्या गाण्यांचे आणि पथनाट्यांचे विषय. 'दारूचा झटका, संसाराला फटका', 'हुंड्यापायी घडलं सारं' ही त्यांतील काही नावे. या प्रकाराला आमच्याकडे मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले ते लोकांचे डोळे उघडण्यासाठीच. आणि सत्यशोधक जलशाची उभारणी करणारे भीमराव महामुनी हे ओतूरचे, म्हणजे याच पुणे जिल्ह्यातले. गणातला गणपती आणि गौळणीतला कृष्ण यांच्या जागी शाळा, सावकारी आणि भटभिक्षुकीचा जाच हे विषय जलशाने आणले, पण साचा तमाशाचाच ठेवला. तेव्हा मोमीन यांनी रात्रीच्या शाळेसाठी गाणे लिहिले यात परंपरेला सोडून काहीच नाही.

पण दोष आहे तो असा. वगात सोंगाडी राजालाही सोडीत नाही. जागृतीच्या पथनाट्यात मात्र सर्व शहाणपण एका पात्राकडे आणि सर्व मूर्खपणा दुसऱ्याकडे वाटून दिलेला असतो. दारुड्या अडखळत प्रवेश करतो तेव्हाच प्रेक्षकास कळून चुकते की हा वीस मिनिटांत सुधारणार आहे. वर दिलेली नावेच पाहा. निष्कर्ष नावातच सांगून टाकलेला आहे, मग नाट्य उरले कोठे? हा दोष एकट्या मोमीन यांचा नव्हे, या प्रकाराचाच आहे; तथापि ज्याला सोंगाड्याची किंमत ठाऊक होती त्याच्याकडून आम्ही अधिकाची अपेक्षा करितो. दारू का सुटत नाही, हा प्रश्न विचारणारे एखादे पात्र त्या पथनाट्यात धीटपणे उभे राहते, तर कदाचित उपदेशही अधिक खोल गेला असता.

येथे वाचकांस फडके-खांडेकरांचा तो जुना वाद आठवेल : कला कलेसाठी की जीवनासाठी? आम्हीही तारुण्यात त्या वादाची पाने उलटून पक्ष घेतले आहेत. परंतु कवठ्याच्या या शाहिराकडे पाहिले म्हणजे वादाची मांडणीच शहरी वाटू लागते. ज्या गावात हुंड्यापायी मुलगी जळाली, त्याच गावात आज रात्री उभे राहावयाचे आहे. समोर तिचा बापही बसला आहे आणि सासराही. तेथे कवी आपल्या मनाशी 'ही कला की प्रचार' असे विचारीत बसत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तो पोटांत शिरावा म्हणून कोणी तरी गाणे करावयास हवे होते, ते त्यांनी केले. असे गाणे प्रसंगाबरोबर संपते, हे खरे. पण अंगणात घातलेली रांगोळीही संध्याकाळी पुसली जाते, म्हणून ती सकाळी घालू नये असे कोणी म्हटलेले नाही.

मोमीन यांच्या नावाकडे पाहून कोणास कुतूहल वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुसलमान घरात जन्मून मराठी कवितेची सेवा करणारे ते पहिले नव्हेत. घोडनदीपलीकडे श्रीगोंद्यास शेख महंमद होऊन गेले. त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ चा. पेशवाईतील सगनभाऊ जन्माने मुसलमान, आणि त्यांच्या लावण्यांवाचून मराठी लावणीचे पुस्तक पुरे होत नाही. बार्शीचे अमर शेख तर गेल्या शतकात अवघ्या महाराष्ट्राने ऐकले. या परंपरेत मोमीन बसतात, आणि तेथे बसताना त्यांस काही विशेष आसन मागावे लागत नाही. 'मोमीन' हे नाव विणकरांच्या समाजाचे. आणि कबीरही विणकरच. तेव्हा 'भक्त कबीर' हा विषय त्यांनी घेतला याचे आम्हांस फार अप्रूप वाटते. केंदुरास ज्या माळकऱ्यांनी दिवसा कान्हुराजांच्या समाधीपुढे भजन करावे, त्यांनीच रात्री एका मोमिनाच्या लेखणीतला कबीर पाहावा, हे या मुलुखात सहज घडू शकणारे आहे. त्याबद्दल सभा भरवून ठराव करण्याची गरज खेड्याला कधी वाटली नाही. ती सहजता किती मोलाची होती हे आम्हांस आता कळत आहे.

रचनेइतकाच त्यांचा दुसरा उद्योग ध्यानात घेण्याजोगा आहे. तमाशा-कलावंताचे वार्धक्य म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक. घुंगरांच्या नादावर गावे झुलविणारी बाई साठीत एखाद्या पडवीत खोकत असते. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते. पण ते मिळविण्यास आपण कलावंत होतो हे कागदाने सिद्ध करावे लागते, आणि ज्यांचे सारे आयुष्य कागदावाचून गेले त्यांच्यापाशी कागद कोठून असणार? अशा कलावंतांच्या हितासाठी मोमीन झटत राहिले. आणि 'कलावंतांच्या आठवणी' हे पुस्तक लिहून त्यांनी आपल्या सोबत्यांची नावे विस्मरणातून वर काढली. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या मुखासाठी लिहिले, त्याने पुस्तक लिहावयास घेतले तेही दुसऱ्यांच्या नावासाठी. वगात सोंगाड्याला जागा करून देणारा हात आणि मानधनाच्या कामी म्हाताऱ्या नर्तकीच्या मदतीस जाणारा हात एकच आहे. त्यांच्या कलेचा आणि त्यांच्या लोकसेवेचा वेगवेगळा हिशेब मांडण्याचे आम्हांस म्हणूनच कारण दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांस दिला, हे उचितच झाले. परंतु पुरस्कार माणसाला मिळतो. त्याच्या वगांचे काय?

पेशवाईतला शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत असे. त्या एका युक्तीमुळे, अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापले तेव्हा अनेक रचनांचे कर्ते हाती लागले. वगाच्या लेखकाला तशी सोय नाही. संवाद बोलतो नट, गाते नर्तकी, आणि कनातीवर नाव असते फडमालकाचे. स्कॉटलंडचा शेतकरी कवी बर्न्स याने 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या संग्रहास दीडशेहून अधिक गाणी दिली. त्यांचा मोबदला घेतला नाही, आणि पुष्कळांखाली स्वतःचे नावही घातले नाही. पण त्याच्यामागे त्याच्या देशातील विद्वान लागले. त्यांनी पत्रे धुंडाळली, हस्तलिखिते ताडून पाहिली, आणि कोणती गाणी त्याची हे ठरवून दिले. आम्ही तीस वर्षे बर्न्स वर्गात शिकविला. त्या वर्गात शिरूर-जुन्नरकडची मुले बसत. त्यांतील एकालाही आम्ही कधी म्हटले नाही की, बाबा, सुट्टीत गावी जाशील तेव्हा जत्रेतल्या फडाच्या व्यवस्थापकाकडची वही उतरून आण. हा दोष आमचा आहे, आणि तो एखाद्या चुकलेल्या अवतरणासारखा पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होण्याजोगा नाही.

कारण वेळ थोडा उरला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणले. झोपणाऱ्यांच्या दृष्टीने नियम योग्यच. पण रात्रभर चालणाऱ्या खेळात वग शेवटी येतो, त्यामुळे कात्री लागली ती प्रथम वगाला. गाणी राहिली, तीही बहुतेक चित्रपटांची, कथा गेली. जो वग उभा राहत नाही त्याची वही ट्रंकेत जाते, आणि ट्रंकेतल्या वहीचे पुढे काय होते हे कसरीला विचारावे. मोमीन यांच्या वगांची शुद्ध, साधार आवृत्ती कोणत्या फडाने कोणता वग केला, कोणत्या जागा सोंगाड्याने भरल्या, या टिपांसह निघाली पाहिजे. आणि ज्या म्हाताऱ्या कलावंतांच्या तोंडी त्या जागा अद्याप आहेत, त्यांच्याकडून त्या आताच लिहून घेतल्या पाहिजेत.

गेल्या जत्रेस आम्ही केंदुरास गेलो होतो. मामा आता नाहीत. शेजारच्या एका पोराने एक गाणे गुणगुणताना ऐकले आणि आम्ही सवयीने विचारले, "कोणाचे रे हे?" त्याने मोबाईल पुढे केला, पडद्यावर गाणाऱ्याचे नाव होते, वाजविणाऱ्याचे होते, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचेही होते. लिहिणाऱ्याचे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही गप्प बसलो होतो. या वेळी त्या पोराला जवळ बसवून कवठ्याच्या शाहिराची हकीकत सांगितली, आणि घरी परतल्यावर हा लेख लिहावयास घेतला.